विश्लेषण : कोयनेच्या काठावरची गावे आजही होडीच्या भरवशावर का?

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या खिरखंडी या गावच्या मुली स्वतः होडी वल्हवत कोयनेचा जलाशय पार करतात आणि पलीकडे उतरून जंगलातून सुमारे चार किलोमीटर चालत शाळा गाठतात, ही बातमी जानेवारी २०२२ मध्ये राज्यभर गाजली. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. बातमी मागे पडली, पण तिच्यातला प्रश्न कायम आहे. राज्याला वीज देणाऱ्या धरणाच्या काठावरची ही गावे इतकी एकाकी कशी राहिली? आणि आता त्याच परिसरात ‘नवीन महाबळेश्वर’ उभारण्याची तयारी सुरू असताना या गावांच्या वाट्याला काय येणार?

ही गावे नेमकी कोठे आहेत?

महाबळेश्वरात उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या रांगांमधून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि पुढे पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यात तापोळ्याजवळ सोळशी आणि कांदाटी या नद्या येऊन मिळतात. या तीन नद्यांच्या काठांवर आणि डोंगरउतारांवर महाबळेश्वर, जावळी आणि पाटण तालुक्यांतील गावे-वाड्या विखुरल्या आहेत. वरच्या खोऱ्यातल्या या पट्ट्याची ओळख स्थानिक बोलण्यात ‘१०५ गाव’ अशी आहे. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून घेतलेली जावळी ती हीच. घनदाट अरण्यामुळे जावळीत शिरणे अवघड मानले जाई.

येथील जंगल सदाहरित आणि निमसदाहरित प्रकारचे आहे. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या केंद्रांवर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. छत्रपती संभाजीनगरच्या वार्षिक सरासरीच्या सुमारे सातपट हा पाऊस आहे. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून अनेकांचे बळी गेले.

ही दुर्गमता नैसर्गिक आहे की धरणामुळे आलेली?

दोन्ही, पण दुसरा वाटा मोठा आहे. धरणापूर्वी ही गावे डोंगरात होती, तरी एकमेकांपासून तुटलेली नव्हती. नदी पावसाळ्यात दुथडी भरत असली, तरी बाकीचे महिने उतारावरून पार करता येई. नदीकाठाने पायवाटा आणि बैलगाडीचे रस्ते होते. बाजार, देवस्थाने, सोयरिकी सारे त्या वाटांवर उभे होते. सगळ्यात सुपीक जमीनही नदीकाठचीच.

कोयना धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात जलाशय भरू लागला. १०३ मीटर उंचीच्या भिंतीमागे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा ‘शिवसागर’ तयार झाला. मराठवाड्यातील वाचकाला त्याचा अंदाज नाथसागरावरून येईल. जायकवाडीची एकूण साठवण क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे, तर कोयनेची १०५ टीएमसी. साठा जवळपास सारखाच. पण नाथसागर पसरट आणि उथळ असल्याने सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो, तर शिवसागर ११५ चौरस किलोमीटरच्या आसपास मावतो. कारण तो डोंगरांच्या मधल्या अरुंद, खोल दऱ्यांत भरला आहे. प्रत्येक उपनदीच्या खोऱ्यात त्याचा एकेक फाटा शिरला आहे. त्यामुळे नदीकाठच्या वाटा, पूल आणि उतार पाण्याखाली गेले. समोरच्या तीरावर डोळ्यांना दिसणाऱ्या गावात रस्त्याने जायचे तर कित्येक किलोमीटरचा वळसा पडू लागला, आणि काही वाड्यांना रस्ताच उरला नाही.

जे बुडाले, त्यांचे पुनर्वसन कसे झाले?

बुडीत गावांतील कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली गेली. त्या वेळी भूसंपादन होत होते ते १८९४ च्या कायद्याने. त्यात मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. पण तो कायदा १९७६ चा. कोयनेचा जलाशय त्याआधीच भरला होता. पर्यायी जमिनीचे, नागरी सुविधांचे प्रश्न त्यामुळे पिढ्यानपिढ्या लोंबकळत राहिले. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांनी २०१८ मध्ये कोयनानगरला दीर्घ धरणे धरले, तेव्हा आंदोलनात मूळ विस्थापितांची तिसरी पिढी बसली होती.

दुसरा गट मात्र कोणाच्या हिशेबात आला नाही. ज्यांची शेते बुडाली पण घरे वाचली, किंवा जे पाणी चढले तसे डोंगरावर सरकले, ते लोक खोऱ्यातच राहिले. कागदोपत्री त्यांचे गाव शाबूत होते. रस्ता, बाजार आणि चांगली जमीन मात्र गेली होती. आजची ‘होडीवरची गावे’ बहुतांशी याच लोकांची आहेत. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ ते ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे १८० जण दगावले आणि हजारो घरे पडली. खोऱ्यासाठी एका दशकातला हा दुसरा आघात होता.

कोयनेने राज्याला काय दिले?

बरेच काही. चार टप्पे आणि धरण पायथ्याचे वीजगृह मिळून कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता सुमारे १९६० मेगावॅट आहे. जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या बाजूने कोकणात सोडले जाते. वीज तयार झाल्यावर ते वाशिष्ठी नदीला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. मुंबई-पुण्याच्या औद्योगिक वाढीत या विजेचा मोठा वाटा होता. संध्याकाळी मागणी एकदम वाढते तेव्हा काही मिनिटांत सुरू करता येणारी वीज म्हणून ती आजही मोलाची आहे. या विजेचा उगम ज्या पाण्यात आहे, त्याच्या काठच्या अनेक वाड्यांवर मात्र दिवा उशिराच लागला.

पाण्याच्या पातळीवर रोजचे जगणे कसे अवलंबून असते?

धरणाच्या बातम्यांत पाणीसाठा टीएमसीत मोजला जातो. काठावरच्या माणसासाठी तोच आकडा म्हणजे घरापासून होडीपर्यंतचे अंतर असते. ऑक्टोबरात जलाशय काठोकाठ असतो, तेव्हा होडी गावाजवळ लागते. वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडले जाते तशी पातळी उतरते आणि उन्हाळ्यात काठ खाली सरकत जातो. मग होडीपर्यंत पोहोचायला गाळ तुडवत लांबवर उतरावे लागते आणि काही फाट्यांत होडी चालण्याइतके पाणीच राहत नाही. पावसाळ्यात पाणी पुन्हा चढते. पण तेव्हा वारा, लाटा आणि धुके यांमुळे लाँच बंद ठेवावी लागते. म्हणजे वर्षातले निर्धोक प्रवासाचे महिने मोजकेच.

प्रवासी लाँच आणि वाहने पलीकडे नेणारा तराफा ही या भागातली ‘एसटी’ आहे. तिच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. वेळ चुकली की मुक्काम किंवा खासगी होडी. उतारावरच्या जमिनीत नाचणी, वरी आणि भात होतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत काही ठिकाणी गाळपेर होते. रानडुक्कर आणि गवे पिकात शिरतात, त्यामुळे रात्रीची राखण आली. हिरडा, मध, दूध यांतून थोडे रोख पैसे मिळतात. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. जंगल न तोडता उत्पन्न मिळू शकते, याचे ते जवळचे उदाहरण आहे.

शाळेच्या प्रकरणात न्यायालयाने काय पाहिले?

खिरखंडीच्या बातमीची दखल न्या. प्रसन्न वराळे आणि न्या. अनिल किलोर यांच्या खंडपीठाने घेतली आणि तिचे जनहित याचिकेत रूपांतर केले. न्या. वराळे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची वकिली औरंगाबादेत घडली, हे येथील वाचकांना ठाऊक आहेच. मुलींना शिकवण्याच्या सरकारी घोषणा खऱ्या करायच्या तर त्यांना शाळेपर्यंतची वाट सुरक्षित हवी, असा खंडपीठाचा रोख होता.

मात्र प्रश्नाचे मूळ कायद्याच्या रचनेतही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. पण हा हक्क १४ वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. नववी-दहावी त्याच्या कक्षेबाहेर राहते आणि दुर्गम भागात मुलींची शाळा सुटते ती नेमकी इथेच. शिवाय ‘एक किलोमीटर’ नकाशावर मोजला जातो. मध्ये पाणी असेल तर तोच किलोमीटर होडीचा होतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार राज्याने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा अशा खोऱ्यांत त्याला विरोध झाला तो याच कारणाने. पटसंख्येच्या निकषावर बंद होणारी शाळा ही येथे गावातली एकमेव सरकारी वास्तू असू शकते.

दवाखाना लांब का?

आरोग्य केंद्रे लोकसंख्येवर मंजूर होतात. डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. सपाट प्रदेशापेक्षा तो सैल आहे. पण शे-दोनशे माणसांच्या विखुरलेल्या वाड्यांना तोही पुरत नाही. निकषात बसणारे केंद्र मंजूर होते, ते पाण्याच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूच्या रुग्णाला झोळीत घालून काठापर्यंत आणणे, होडी मिळवणे, पलीकडे वाहन शोधणे आणि मग महाबळेश्वर, मेढा किंवा साताऱ्याचा घाट चढणे, असा प्रवास करावा लागतो. सर्पदंश आणि अडलेले बाळंतपण या दोन्हींत तासांचा हिशेब महत्त्वाचा असतो. त्यामुळे अनेक कुटुंबे गरोदर स्त्रीला पावसाळ्यापूर्वीच नातेवाइकांकडे हलवतात. ही व्यवस्था लोकांनी स्वतः बसवलेली आहे.

थोडक्यात, माणसे कमी म्हणून सोयी कमी आणि सोयी कमी म्हणून माणसे आणखी कमी, अशा फेऱ्यात ही गावे अडकली आहेत.

जंगल राखीव झाल्याने काय बदलले?

धरणानंतर दोन दशकांनी, १९८५ मध्ये, ४२३ चौरस किलोमीटरचे कोयना अभयारण्य जाहीर झाले. चांदोलीसह त्याचा समावेश २०१० मध्ये ११६५ चौरस किलोमीटरच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा ठरवले. त्यांतील महाराष्ट्राच्या चार स्थळांत कोयना एक. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील आहे. ताडोबाच्या बाजूने वाघीण आणून सह्याद्रीत सोडण्याची मोहीमही सुरू झाली आहे.

या संरक्षणाची गरज वादातीत आहे. कोयना-कृष्णेचे पाणी याच जंगलात मुरते. झाडोरा गेला तर दरडी वाढतील आणि जलाशयात गाळ भरेल. पण संरक्षणाचे नियम गावांवर एकापाठोपाठ एक चढत गेले. गाभा क्षेत्रातून रस्ता, वीजवाहिनी, मोबाइलचा मनोरा न्यायचा तर वन्यजीव मंडळापर्यंत परवानगी लागते. त्यात वर्षे जातात. पाटण तालुक्यातील मळे, कोळणे आणि पाथरपुंज या गावांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे चर्चेत आहे. स्थलांतर होणार म्हणून विकासकामे थांबतात आणि स्थलांतरही होत नाही, अशी त्यांची कोंडी झाली. व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबासाठी मदतीची रक्कम केंद्राने २०२१ मध्ये दहा लाखांवरून १५ लाख रुपये केली. पण कायद्याच्या भाषेतली ‘स्वेच्छा’ खरी ठरायची तर राहण्याचाही पर्याय जगण्याजोगा असायला हवा. शाळा आणि दवाखाना नसलेल्या गावातून बाहेर पडण्याला स्वेच्छा म्हणणे अवघड आहे.

वनहक्क कायद्याचा आधार मिळतो का?

२००६ च्या वनहक्क कायद्यात शेतीखालील वनजमीन, गौण वनोपज आणि सामूहिक वनांवर हक्क मिळू शकतो. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने त्याचा परिणामकारक वापर करून दाखवला. कोयनेच्या खोऱ्यातील बहुसंख्य रहिवासी मात्र अनुसूचित जमातींत मोडत नाहीत. मराठा, गवळी धनगर अशा समाजांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. धरणाने ज्यांना मधल्या काळात एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकवले, त्यांच्यासाठी ही अट विशेष जड आहे.

माणसे कोठे गेली?

मुंबई, ठाणे, नवी मुंबई. मशीद बंदरच्या गोद्या आणि पुढे वाशीची बाजारपेठ इथल्या माथाडी कामगारांत सातारा जिल्ह्याच्या या पश्चिम पट्ट्यातील लोक मोठ्या संख्येने होते. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामगारांना संरक्षण दिले आणि खोऱ्यातल्या घरांत नियमित मनिऑर्डर येऊ लागली. माजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे दरे गाव याच खोऱ्यात आहे. त्यांचे कुटुंबही असेच ठाण्याला गेले. आज अनेक घरे फक्त गणपती, शिमगा आणि गावच्या जत्रेला उघडतात. कायम राहणाऱ्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे.

‘नवीन महाबळेश्वर’ने चित्र पालटेल का?

राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमून सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतील २३५ गावांचा, सुमारे ११५३ चौरस किलोमीटर क्षेत्राचा आराखडा हाती घेण्यात आला आहे. तापोळा ते आहीर असा केबलवर तोललेला पूल आणि त्यावर उंच प्रेक्षागृह, बोटिंग, जलपर्यटन अशा योजना आहेत. बामणोलीहून वासोट्याकडे जाणाऱ्या पर्यटकांमुळे आजही काही तरुणांना होडीवर, खानावळीत काम मिळते. रस्ते आणि पूल आले तर रुग्ण आणि विद्यार्थ्यांची सोयही होईल. त्यामुळे स्थानिकांत या प्रकल्पाविषयी आशा आहे, हे नाकारता येणार नाही.

आक्षेप दोन आहेत. पहिला पर्यावरणाचा : उताराची खोदाई, सांडपाणी आणि काँक्रीट यांचा भार दरडप्रवण डोंगर आणि जलाशय पेलतील का? केंद्राच्या जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत पश्चिम घाटातील ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून प्रस्तावित आहे, त्यात महाराष्ट्राचे १७ हजार ३४० चौरस किलोमीटर येतात. दुसरा आक्षेप मालकीचा. कांदाटी खोऱ्यातील झाडाणी येथे शेकडो एकर जमीन बाहेरच्या व्यक्तींनी घेतल्याचा आरोप २०२४ मध्ये झाला. कमाल जमीनधारणा कायद्याखाली नोटिसा निघाल्या आणि राष्ट्रीय हरित लवादानेही दखल घेतली. या आरोपांचा निकाल काहीही लागो, रिकामी होत चाललेली गावे, शहरात स्थिरावलेले वारस आणि चढणारे जमिनीचे भाव हे मिश्रण धोक्याचे आहे. रस्ता येईपर्यंत जमीनच हातची गेली, तर त्या रस्त्यावरून गावकरी फक्त कामगार म्हणून परत येतील.

पूल होईपर्यंत काय करता येईल?

पाण्याने तुटलेल्या वस्त्यांपर्यंत सेवा नेण्याचे नमुने अस्तित्वात आहेत. आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर २००५ पासून बोटींवरचे दवाखाने चालतात. डॉक्टर, परिचारिका, लसी आणि औषधे घेऊन ते ठरल्या दिवशी काठाला लागतात. आपल्याकडे नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यातील नर्मदाकाठच्या गावांसाठीही तरंगता दवाखाना सुरू झाला. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या काठावरील मुलांना शाळेत नेण्यासाठी सरकारी खर्चाने शालेय बोटी चालतात. या ठिकाणी नदी हाच रस्ता मानून बोटीची तरतूद केली गेली.

कोयनेसाठीही तसे मोजमाप बदलावे लागेल. शाळा आणि आरोग्य केंद्रासाठी लोकसंख्येऐवजी पोहोचायला लागणारा वेळ हा निकष, विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षित चालक आणि जीवरक्षक जाकिटांसह होडी, नववी-दहावीच्या मुलींसाठी जवळचे वसतिगृह, पावसाळ्यात काठावर सज्ज रुग्णबोट. यातल्या कशालाही डोंगर फोडावा लागत नाही किंवा झाड तोडावे लागत नाही. लागणारा खर्चही प्रेक्षागृहासह उभ्या राहणाऱ्या पुलाच्या तुलनेत किरकोळ आहे.

खोऱ्याने साठ वर्षांत राज्याला वीज, पाणी, जंगल आणि मनुष्यबळ दिले. प्रत्येक वेळी नकाशा आखला गेला तो बाहेरच्या गरजेनुसार : आधी जलाशयाचा, मग अभयारण्याचा, आता पर्यटनाचा. या तिसऱ्या नकाशात शाळेची होडी कोठे लागते, यावरून तो कोणासाठी आखला हे कळेल.